लाहौल आणि स्पिती: मधलं 'आणि' म्हणजे एक खिंड

हिमाचल प्रदेशात 'लाहौल आणि स्पिती' नावाचा एक जिल्हा आहे. बोलताना आपण मधलं 'आणि' गिळतो, 'लाहौल-स्पिती' असं एका दमात म्हणून टाकतो, आणि घोळ तिथेच सुरू होतो. आमच्या ट्रेकच्या गटातल्या एकीने मागे एका टूरवाल्याकडे 'लाहौल-स्पिती, सहा दिवस' असे पैसे भरले. परत आल्यावर फोटो दाखवले: अटल बोगदा, सिस्सूचा धबधबा, केलाँगचा बाजार, त्रिलोकनाथ. सुंदर होते. पण त्यात स्पितीचा एकही नव्हता. 'अगं, 'की' गोम्पा (स्पितीतला प्रसिद्ध बौद्ध मठ) कुठंय?' असं विचारलं तर म्हणाली, 'ते लांब पडतं म्हणाले.'

लांब पडतंच. केलाँग हे लाहौलमधलं मुख्य गाव, काझा हे स्पितीतलं. या दोघांच्या मध्ये साडेचार हजार मीटरहून उंच अशी कुंझुम खिंड आहे आणि वर्षातले सहा-सात महिने ती बर्फाखाली असते. जिल्ह्याचं मुख्यालय केलाँगला. पण हिवाळ्यात काझ्याच्या माणसाला केलाँगला जायचं तर किन्नौर, शिमला, मनाली असा अख्ख्या राज्याला वळसा घालावा लागतो. म्हणून काझ्याला वेगळा अतिरिक्त उपायुक्त बसवलेला आहे. एकाच जिल्ह्याची ही दोन बिऱ्हाडं.

फरक समजून घ्यायचा तर पाण्याकडे बघावं. महाबळेश्वरला एका अंगाने कृष्णा-कोयना पूर्वेकडे निघतात आणि दुसऱ्या अंगाने सावित्री कोकणात उतरते, हे आपल्याला शाळेपासून माहीत आहे. कुंझुमही तसाच पाणलोट आहे. पश्चिमेचं पाणी चंद्रा नदीला मिळतं. चंद्रा आणि भागा या दोन्ही नद्या बारालाचा खिंडीपाशी जन्मतात, डोंगराला दोन बाजूंनी वळसा घालून तांदी गावाजवळ भेटतात आणि चंद्रभागा होतात. (आपली पंढरपूरची नव्हे. ही पुढे चिनाब होते.) हे लाहौल. कुंझुमच्या पूर्वेचं पाणी स्पिती नदीत जातं आणि खाबजवळ सतलजला मिळतं. ही स्पिती. दोन्ही पाणी शेवटी एकत्र येतं खरं, पण ते पार पाकिस्तानात, पंजनदला.

इतिहासही या पाण्याप्रमाणेच वाहत गेला. लाहौलचा संबंध कुलू आणि चंब्याशी. स्पितीचा लडाख आणि तिबेटशी. स्पिती १८४६ पर्यंत लडाखच्या अखत्यारीत होती, कारभार 'नोनो' नावाचा स्थानिक सरदार बघायचा. इंग्रजांनी दोन्ही मुलूख कांगडा जिल्ह्याला जोडले. १९६० साली पंजाब राज्यात हा जोडनावाचा जिल्हा झाला आणि १ नोव्हेंबर १९६६ ला तो हिमाचलात आला. म्हणजे आपण एका दमात घेतो ते नाव प्रशासकीय सोयीचं आहे. गावातल्या माणसाला विचारलंत तर तो स्वतःला लाहौली म्हणेल नाहीतर स्पितीचा. 'लाहौल-स्पितीचा' असं कुणी म्हणत नाही.

आता जाणाऱ्याच्या दृष्टीने. लाहौल आज सोपं झालंय, कारण ३ ऑक्टोबर २०२० ला अटल बोगदा सुरू झाला. नऊ किलोमीटरचा हा बोगदा रोहतांगच्या पोटातून जातो. पूर्वी रोहतांग बंद झाला की लाहौल जवळजवळ सहा महिने जगापासून तुटायचं, आजारी माणसाला हेलिकॉप्टरची वाट बघावी लागायची. आता मनालीत नाश्ता करून जेवायला केलाँगला पोचता येतं. स्पितीच्या रस्त्याला मात्र बोगद्याचा फायदा निम्माच आहे. बोगद्यातून बाहेर पडल्यावर उजवीकडे वळून ग्रामफू, छत्रू, बातल असा जो रस्ता कुंझुमकडे जातो, त्याला रस्ता म्हणणं हे आशावादाचं लक्षण. दुपारी ऊन चढलं की वितळलेल्या बर्फाचे ओढे त्याच्यावरून वाहतात. म्हणून जाणते ड्रायव्हर पहाटे निघतात.

उंचीचा हिशोब इथे फार महत्त्वाचा आहे, आणि आपल्याकडचे लोक नेमके तिथेच चुकतात. आपलं कळसुबाई १६४६ मीटर. केलाँग सुमारे ३१०० मीटरवर आहे. थोडी धाप लागते, एक रात्र नीट झोपलं की बहुतेकांचं जमतं. काझा साडेतीन हजारांच्या बरंच वर, आणि काझ्याहून बघायला जायची गावं (लांगझा, हिक्किम, कोमिक) चार हजार ओलांडून. मनाली दोन हजारांवर. म्हणजे मनालीहून एका दिवसात काझा गाठणारा माणूस दीड हजार मीटरहून जास्त चढतो आणि वाटेत कुंझुमही पार करतो. तीन हजारांच्या वर रोज मुक्कामाची उंची पाचशे मीटरहून जास्त वाढवू नये, हा सर्वसाधारण नियम. तो इथे सरळ मोडला जातो. मग काझ्यात पहिल्या रात्री डोकं ठणकतं, उलट्या होतात, आणि माणूस दोन दिवस गेस्ट हाऊसच्या छताकडे बघत पडतो. म्हणून स्पितीला शिमल्याकडून, किन्नौरमार्गे जावं: सराहन, कल्पा, नाको, ताबो, मग काझा. लांब आहे, पण शरीराला सवय होत जाते. हा रस्ता हिवाळ्यातही बहुतेक काळ चालू असतो. अमेरिकेहून आलेला, परदेशी पासपोर्टवाला भाचा सोबत असेल तर या बाजूने त्याला रिकाँग पिओत परवाना काढावा लागतो. आपल्याला लागत नाही.

साहसाची हौस दोन्हीकडे भागते, पण प्रकार वेगळे. लाहौल हे वाटसरूचं. मोटरसायकलवाले केलाँगला एक रात्र थांबून बारालाचावरून लेहला जातात. दारचाहून 'शिंकू ला' ('ला' म्हणजे खिंड) ओलांडून लडाखच्या झंस्कारमध्ये उतरतात. मियार खोऱ्यात फुलांच्या कुरणांतून हिमनदीपर्यंत चालत जाता येतं. हाम्पटा पास हा पुण्या-मुंबईच्या पोरांचा हिमालयातला जणू पहिल्या इयत्तेचा ट्रेक, तो छत्रूला उतरतो तेव्हा तुम्ही लाहौलमध्ये असता. कुलूकडची हिरवळ खिंडीच्या अलीकडे राहते, पलीकडे नुसता दगड. आपल्याकडे कोकणातून घाट चढून देशावर आलं की जे होतं, त्याचंच हे राक्षसी रूप.

स्पितीत साहस म्हणजे जास्त करून राहणं. फेब्रुवारी-मार्चमध्ये किब्बर गावात उणे वीस अंशांत दुर्बिणीला डोळा लावून बसायचं आणि समोरच्या कड्यावर हिमबिबट्या दिसतो का बघायचं. उन्हाळ्यात पिन-भाबा किंवा पिन-पार्वती असे कठीण ट्रेक, नाहीतर किब्बरहून 'परांग ला' ओलांडून लडाखच्या त्सो मोरीरी तळ्यापर्यंत जुन्या व्यापारी वाटेने. आणि ज्यांना यातलं काहीच झेपत नाही त्यांच्यासाठी लांगझा. तिथे बुद्धाच्या मोठ्या मूर्तीजवळच्या उतारांवर टेथिस या प्राचीन समुद्रातल्या शंखांचे जीवाश्म सापडतात. चार हजार मीटरवर शंख! पोरं ते विकायला आणतात. घेऊ नका, उचलूही नका. दगड तिथेच शोभतो.

संस्कृतीच्या बाबतीत 'दोन्हीकडे बौद्धच ना?' हा प्रश्न हमखास येतो. नाही. लाहौलमध्ये सरमिसळ आहे, आणि तीच तिथली मजा. त्रिलोकनाथच्या देवळात पांढऱ्या संगमरवराची एकच मूर्ती. हिंदू तिला शिव म्हणून पूजतात, बौद्ध अवलोकितेश्वर म्हणून. भांडण नाही. जवळच्या उदयपूरला (राजस्थानातलं नव्हे) मृकुला देवीचं मंदिर आहे. बाहेरून साधं, आत छताच्या लाकडावर जे कोरलंय ते बघताना मान दुखते. सिस्सूला राजा घेपन हा ग्रामदैवतांचा राजा. जानेवारीत हालडा हा सण असतो, तेव्हा लोक जळत्या मशाली घेऊन रात्री बर्फातून निघतात. या काळात देव स्वर्गात गेलेले असतात अशी समजूत, म्हणून काही गावांत गोंगाट चालत नाही. मोठ्याने गाणी लावून स्नोस्कूटर फिरवणाऱ्यांना गावकरी परत पाठवतात, आणि मला ते बरोबर वाटतं. भाषाही पट्टनी, तिनन, गाहरी अशा खोऱ्याखोऱ्याला वेगळ्या. केलाँगच्या बाजारातून लाहौली लोकरीचे मोजे जरूर घ्या. त्यांना भौगोलिक मानांकन आहे, आणि आपल्या घरातल्या ज्येष्ठांना पुण्याच्या डिसेंबरात ते पुरून उरतात.

स्पिती मात्र जवळपास पूर्णपणे तिबेटी बौद्ध वळणाची. भाषा तिबेटीचीच बोली. घरं मातीची, पांढरी, सपाट छपरांची, छताच्या कडेला सरपण रचलेलं. घरातही एक जुनी रीत: थोरला मुलगा कर्ता झाला की 'खांगचेन' म्हणजे मोठं घर त्याच्याकडे येतं आणि आईवडील 'खांगचुंग' या लहान घरात राहायला जातात. धाकटे पूर्वी गोम्प्यात जायचे. म्हणून जमीन तुकडे न होता राहिली, आणि 'की', ढांकर, ताबो इथल्या मठांत भिक्षूंची रांग लागली.

ताबोबद्दल थोडं थांबून सांगितलं पाहिजे, कारण त्याला 'हिमालयातलं अजिंठा' म्हणतात आणि आपले लोक ते ऐकून गुहा शोधत जातात. ताबोचा मुख्य मठ गुहेत नाही. इ.स. ९९६ मध्ये उभारलेली ही मातीच्या विटांची बुटकी इमारत बाहेरून एखाद्या मोठ्या धान्याच्या कोठारासारखी दिसते. आत अंधार. डोळे सरावले की भिंतींवर चित्रं आणि भिंतीतून पुढे झुकलेल्या मातीच्या मूर्ती दिसू लागतात. टॉर्च जपून वापरायची, फोटो काढायचे नाहीत. अजिंठा विस्मृतीत गेलं आणि १८१९ मध्ये पुन्हा सापडलं. ताबोत हजार वर्षं प्रार्थना चालू आहे. १९७५ च्या भूकंपात इमारतीला तडे गेले, तरी ती उभी राहिली. १९९६ ला हजार वर्षं झाली तेव्हा दलाई लामा इथे कालचक्र दीक्षेसाठी आले होते.

एका जागी मात्र घोळ अगदी खरा आहे: चंद्रताल. स्पितीच्या सगळ्या जाहिरातींवर या तळ्याचा फोटो असतो, लोकही त्याला स्पितीचं म्हणतात. पण ते कुंझुमच्या पश्चिमेला, चंद्रेच्या खोऱ्यात आहे आणि त्याचं पाणी लाहौलकडे जातं. नावातच चंद्रा आहे, अजून काय पुरावा हवा? जुलै २०२३ मध्ये अवकाळी बर्फ पडून इथे जवळजवळ तीनशे पर्यटक अडकले होते. 'पर्जन्यछायेत आहे, पावसाळ्यात चालतं' हे वाक्य ऐकलंत की एवढं आठवा.

तेव्हा चार-पाच दिवसांची रजा असेल, सोबत आईवडील किंवा लहान मुलं असतील, तर लाहौल: दोन रात्री केलाँग, एक त्रिलोकनाथच्या बाजूला, येताना सिस्सू. स्पितीला नऊ-दहा दिवस काढा. त्याहून कमी असतील तर पुढच्या वर्षी जा. शिमल्याकडून चढा, काझ्यात तीन रात्री राहा, जुलै सरल्यावर कुंझुमवरून उतरा. खिंडीतल्या देवीच्या देवळाला ड्रायव्हर गाडीसकट प्रदक्षिणा घालेल. तोवर स्पिती. प्रदक्षिणा संपवून गाडी उताराला लागली की लाहौल.