ही बातमी का दाखवली नाही?

आमची बातमी दाबली आणि त्यांची मात्र दिवसभर चालवली, ही तक्रार कुठल्याही देशात, कुठल्याही पक्षाच्या लोकांकडून ऐकू येते, आणि बऱ्याचदा एकाच चॅनेलबद्दल दोन्हीकडून! मग यात खरं किती आणि आपल्या नजरेचा खेळ किती?

१९८५ साली अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या व्हॅलोन, रॉस आणि लेपर या संशोधकांनी एक प्रयोग छापला. १९८२ मध्ये लेबनॉनमधल्या बैरुतच्या सब्रा आणि शातिला या पॅलेस्टिनी निर्वासितांच्या छावण्यांत, इस्रायली सैन्याचा वेढा असताना, एका लेबनीज सशस्त्र गटाने हत्याकांड केलं होतं, त्याच्या अमेरिकन टीव्हीवरच्या बातम्या त्यांनी १४४ विद्यार्थ्यांना दाखवल्या, सगळ्यांना अगदी त्याच क्लिप्स. इस्रायलच्या बाजूचे म्हणाले बातम्या इस्रायलविरोधी आहेत, अरबांच्या बाजूचे म्हणाले इस्रायलला सांभाळून घेतलंय. इस्रायलबद्दल किती वाईट बोललं गेलं याचा अंदाजसुद्धा दोघांचा वेगळा! आणि मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते हे की ज्यांना विषयाची जास्त माहिती होती त्यांना पक्षपात जास्त दिसला, म्हणजे हे अडाणीपणामुळे होतं असं अजिबात नाही. तीच बातमी दोन्ही बाजूंना आपल्याविरुद्ध वाटणं, याला होस्टाइल मीडिया इफेक्ट म्हणतात. पुढे २००४ मध्ये असंही दिसलं की तोच मजकूर विद्यार्थ्याचा निबंध म्हणून दिला तर लोकांना एवढा खटकत नाही, बातमी म्हणून दिला की आपल्याविरुद्ध वाटायला लागतो. हजारो लोक हे वाचून मत बदलतील ही भीती त्यामागे असावी, असं संशोधकांना वाटतं.

पण म्हणून पक्षपात नसतोच असं नाही, फक्त तो मोजणं अवघड आहे. १९५० मध्ये छापलेल्या एका अभ्यासात डेव्हिड मॅनिंग व्हाइट या अमेरिकन अभ्यासकाने एका वृत्तसंपादकाचं आठवडाभराचं काम तपासलं, तर वृत्तसंस्थांकडून आलेल्या मजकुरापैकी जवळजवळ नऊ दशांश त्याने बाजूला टाकला होता. म्हणजे न छापलेलं कायम जास्तच असणार, आणि त्यात आपल्याला हवी ती बातमी कुणालाही सापडेल. त्यामुळे निवडीबद्दल बोलायचं तर आधी समोर काय काय आलं होतं ते माहीत पाहिजे.

२०२० मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी हे फार हुशारीने केलं. हजारो पत्रकारांना एका उमेदवाराबद्दल ईमेल पाठवली, मजकूर साधारण तोच, फक्त त्याची राजकीय विचारसरणी बदलायची, आणि मुलाखत घ्यायला कोण तयार होतंय ते बघायचं. बरेचसे पत्रकार स्वतः डावीकडे झुकलेले होते, तरी उत्तरांत म्हणावा असा फरक पडला नाही.

याउलट २०११ च्या एका अभ्यासात फरक सापडला. बेरोजगारीचा सरकारी आकडा दर महिन्याला येतोच, तो सगळ्या वर्तमानपत्रांना सारखा. तर डेमोक्रॅट उमेदवारांना पाठिंबा देणारी अमेरिकन वर्तमानपत्रं, रिपब्लिकन अध्यक्ष असताना वाढलेल्या बेरोजगारीला जास्त जागा देत होती आणि डेमोक्रॅट अध्यक्ष असताना कमी, हे रिपब्लिकनांना पाठिंबा देणाऱ्या पत्रांशी तुलना करून दिसलं.

कुठल्या नेत्याचं भाषण किती वेळ दाखवावं याला मात्र असं माप नसतं. तिथे दोन्ही बाजूंच्या सारख्या घटना आधीच ठरवून घ्यायच्या आणि मग प्रत्येकीला किती वेळ मिळाला ते मोजत बसायचं, एवढंच करता येतं. एखादी न दिसलेली बातमी पुढे करून काहीच सिद्ध होत नाही.