व्हॅक्यूम बूस्टर आणि हायड्रोबूस्ट: जुन्या ट्रकला कोणता लावायचा?

अमेरिकेत १९६०च्या दशकातला शेवरोले सी-१० किंवा फोर्ड एफ-१०० पिकअप ट्रक नव्याने उभा करणारे बरेच जण पुढच्या चाकांना जुन्या ड्रम ब्रेकऐवजी डिस्क ब्रेक बसवतात, आणि मग पेडल दगडासारखं कडक झालं म्हणून वैतागतात. ते कडक होणारच. ड्रममध्ये चाकाच्या फिरण्यानेच ब्रेक-शू आणखी आवळला जातो. डिस्कला अशी आयती मदत नसते, तिला जास्त दाब लागतो. म्हणून बूस्टर आला, आणि गोंधळही तिथूनच सुरू होतो: ब्रेक आधीपासून हायड्रॉलिकच आहेत, मग हायड्रॉलिक बूस्टर (म्हणजेच हायड्रोबूस्ट) वेगळा कशाला?

पायाचा दाब ब्रेक ऑइलमधून चाकापर्यंत पोचतो, ते हायड्रॉलिक ब्रेक. बूस्टर त्याच्या अलीकडे, पेडल आणि मास्टर सिलिंडर (ब्रेक ऑइलवर दाब देणारा मुख्य सिलिंडर) यांच्यामध्ये बसतो आणि पायाचा जोर वाढवतो. तो जोर तो कुठून आणतो, एवढाच फरक. (आपल्याकडच्या दहाचाकी ट्रकचे हवेचे ब्रेक हे तिसरंच प्रकरण.)

व्हॅक्यूम बूस्टर म्हणजे केबिनच्या पुढच्या पत्र्यावरचा तो मोठा गोल डबा. आत रबरी पडदा असतो. पेडल दाबलं की त्याच्या एका बाजूला बाहेरची हवा शिरते, दुसरीकडे इंजिनची ओढ, म्हणजे व्हॅक्यूम, असतेच. या फरकाने पडदा ढकलला जातो. धडधाकट पेट्रोल इंजिन आयडलला (गाडी उभी, इंजिन नुसतं चालू) साधारण १८ ते २० इंच पारा (व्हॅक्यूम मोजायचं एकक) इतकी ओढ देतं. पण हौशी मंडळी जास्त ताकदीसाठी आक्रमक कॅमशाफ्ट (इंजिनचे व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) घालतात, ओढ १०-१२ वर येते आणि डब्यात दम उरत नाही. डिझेलला तर वेगळा व्हॅक्यूम पंपच लागतो.

बेंडिक्स कंपनीने १९७३ साली आणलेला हायड्रोबूस्ट पॉवर स्टिअरिंगच्या पंपाचं तेल वापरतो. इंजिनची ओढ किती, याच्याशी त्याला देणंघेणं नाही. आकाराने लहान असल्याने मोठ्या व्ही-८ शेजारच्या चिंचोळ्या जागेतही मावतो. मात्र ज्या ट्रकला पॉवर स्टिअरिंगच नाही, तिथे पंप, ब्रॅकेट, पुली, दाबाचे पाइप असा सगळा पसारा मांडावा लागतो. शिवाय पंप फिरवणारा पट्टा तुटला तर स्टिअरिंग आणि ब्रेक दोन्हींची मदत एकदमच जाते. अ‍ॅक्युम्युलेटरमध्ये (बूस्टरच्या दाब साठवणाऱ्या डब्यात) साठलेला दाब दोन-तीन ब्रेक पुरतो, पुढे फक्त पायाचा जोर. मला ही बाजू फार महत्त्वाची वाटते, आणि विकत घेताना नेमका तिचाच विचार होत नाही.

म्हणून आधी मॅनिफोल्डला (इंजिनात हवा नेणाऱ्या नळ्यांना) व्हॅक्यूम गेज लावा. आयडलला १८ इंच स्थिर मिळत असेल तर साधा व्हॅक्यूम बूस्टर लावा, उगाच खर्च वाढवू नका. ओढ कमी असेल तर हायड्रोबूस्टला तोड नाही. मात्र १९६७च्या आधीचा शेवरोले असेल तर बूस्टरच्याही आधी मास्टर सिलिंडर बदला: जुना एका सर्किटचा आहे, एक पाइप फुटला की चारही चाकांचा ब्रेक गेला.

कोणताही बसवला तरी तपासणी सोपी. इंजिन बंद ठेवून पेडल पाच-सहा वेळा मारा, मग दाबून धरा आणि इंजिन चालू करा. व्हॅक्यूमवाल्यात पेडल थोडं खाली जातं. हायड्रोबूस्टमध्ये ते खाली जाऊन पायाला किंचित उलटं ढकलतं. तो दोष नाही.

आणि हायड्रोबूस्ट असेल तर ब्रेक ऑइल आणि स्टिअरिंगचं तेल कधीही मिसळू देऊ नका. स्टिअरिंगचं खनिज तेल मास्टर सिलिंडरमध्ये गेलं की रबरी सील फुगतात, आणि तिथून चाकांपर्यंतचं सगळं रबर बदलावं लागतं.