ब्रेक ऑइल बदलणे (मोटरसायकल)

डिस्क ब्रेक असलेल्या मोटरसायकलच्या ब्रेकमधील जुना द्रव काढून नवा भरण्याचे काम. गॅरेजात त्याला ‘ब्रेक ऑइल’ म्हणत असले, तरी ते तेल नव्हे. बहुतेक गाड्यांत ग्लायकॉल ईथरवर आधारलेला, ‘डॉट ३’ किंवा ‘डॉट ४’ दर्जाचा द्रव असतो. नावाला फसून कोणी खरेच इंजिन ऑइल ओतले, तर आतली रबरी सील फुगतात आणि ब्रेक निकामी होतो.

द्रव दाबून जवळजवळ आकसत नाही, म्हणून बोटांनी लिव्हरवर दिलेला जोर चाकाजवळ डिस्क पकडणाऱ्या भागाच्या, म्हणजे कॅलिपरच्या पिस्टनपर्यंत पोहोचतो. अडचण पाण्याची आहे. हा द्रव हवेतील ओल शोषतो. हँडलवरच्या द्रवाच्या छोट्या टाकीचे झाकण घट्ट असले तरी रबरी होजमधून ती हळूहळू शिरते. नव्या डॉट ४ चा उत्कलनबिंदू किमान २३०° से. असावा लागतो, ३.७ टक्के पाणी मुरल्यावरची किमान मर्यादा १५५° आहे. डॉट ३ साठी हेच आकडे २०५° आणि १४०° आहेत. घाट उतरताना ब्रेक सतत दाबून धरला, की कॅलिपर तापतो, मुरलेल्या पाण्याची वाफ होते आणि वाफ मात्र आकसते. लिव्हर मऊ लागतो, शेवटी मुठीला टेकतो. म्हणून गाडी कमी चालली असली तरी साधारण दोन वर्षांनी द्रव बदलतात.

साहित्य थोडके: आठचा रिंग पाना (बहुतेक गाड्यांना चालतो), पारदर्शक नळी, बाटली, सिरिंज आणि त्या टाकीच्या झाकणावर लिहिलेल्या दर्जाच्या द्रवाचा सीलबंद डबा. वर्षभर उघडा पडलेला उरलेला डबा वापरणे म्हणजे पैसे वाचवून ओल विकत घेणे. हा द्रव रंग खातो, त्यामुळे पेट्रोलच्या टाकीवर ओले फडके अंथरावे आणि थेंब पडलाच तर लगेच पाणी ओतावे.

द्रवाची टाकी समपातळीत येईल असे हँडल वळवून झाकण उघडतात. बहुतेकांचे काम इथेच अडते. पावसाळे खाल्लेले स्क्रू गंजून बसतात आणि चुकीच्या स्क्रूड्रायव्हरने त्यांची डोकी झिजतात; नेमक्या मापाचा घेऊन त्यावर हातोडीचे दोन हलके ठोके द्यावेत. टाकीतला काळपट द्रव सिरिंजने ओढून नवा भरतात. मग कॅलिपरच्या निपलला (द्रव बाहेर सोडणाऱ्या पोकळ स्क्रूला) पाना आणि त्यावर नळी लावून, नळीचे दुसरे टोक बाटलीतल्या थोड्या द्रवात बुडवतात. लिव्हर दाबून धरायचा, निपल पाव फेरा सैल करायचे, द्रव बाहेर आला की आवळायचे आणि मगच लिव्हर सोडायचा. हा क्रम उलटला तर हवा आत ओढली जाते. दर पाच-सहा दाबांनंतर टाकीत डोकवावे. ती रिकामी झाली की सगळी मेहनत पुन्हा पहिल्यापासून. नळीतून चहाच्या रंगाऐवजी फिकट पिवळा द्रव येऊ लागला, की काम झाले. झाकण उघडे असताना लिव्हर झटक्यात दाबू नये, कारंजे उडते.

भारतात १ एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीवरील नव्या गाड्यांना एबीएस (जोरात ब्रेक लावल्यावर चाक अडकू न देणारी यंत्रणा) सक्तीचे आहे. अशा गाडीतही वरील रीत चालते, पण एबीएसच्या आतल्या भागात हवा शिरली तर ती काढायला अनेकदा सर्व्हिस सेंटरचे निदान यंत्र लागते.

पातळी खालच्या खुणेपर्यंत उतरली, तर आधी डिस्कवर घासणारे पॅड पाहावेत. ते झिजतात तसा कॅलिपरचा पिस्टन बाहेर सरकतो आणि द्रव तिथे जातो. तशातच टाकी काठोकाठ भरली, तर पुढे नवे पॅड बसवताना ती ओसंडते.

काम संपल्यावर निपलवर रबरी टोपी बसवून, लिव्हर टणक लागेपर्यंत दाबतात. मग इंजिन बंद ठेवून गाडी अंगणातच ढकलत नेऊन पुढचा ब्रेक लावून पाहतात.