ओबीडी की प्लास्टिक पेंट? पेनाच्या रेघा पुसण्याआधी भिंत ओळखा

मूल चालायला लागलं की घरातल्या भिंतींवर अडीच-तीन फुटांपर्यंत निळ्या रेघा उमटू लागतात. त्यावरचे उपाय सगळ्यांना तोंडपाठ असतात: सॅनिटायझर, टूथपेस्ट, खायचा सोडा, मॅजिक स्पंज. तरी एकाच सोसायटीत एका घरची भिंत स्वच्छ होते आणि तोच उपाय शेजारच्या घरी केला की रेघेचा निळसर डाग पसरून बसतो. पेन तेच, सॅनिटायझरही तेच. फरक असतो तो भिंतीवरच्या रंगात, आणि नुसतं बघून तो कळत नाही. म्हणून माझं कळकळीचं सांगणं आहे की कुठलीही बाटली हातात घेण्याआधी आपली भिंत ओबीडीची आहे की प्लास्टिक पेंटची, हे पक्कं करून घ्या.

ओबीडी म्हणजे ऑइल बाउंड डिस्टेंपर. पुण्यात बिल्डरच्या माहितीपत्रकात जिप्सम फिनिश (जिप्समचा गुळगुळीत गिलावा) आणि ओबीडी ही जोडी नेहमी दिसते. अकरा महिन्यांच्या करारावर दिल्या जाणाऱ्या फ्लॅटमध्येही भाडेकरू बदलला की मालक बहुधा ओबीडीचाच हात मारून घेतात, कारण तो स्वस्त पडतो. तो ऑइल पेंट नव्हे, पेंटर तो पाण्यातच कालवतो. त्यात खडूसारखी भुकटी भरपूर असते आणि ती धरून ठेवणारा चिकट भाग कमी, त्यामुळे सुकल्यावर थर सच्छिद्र राहतो. प्लास्टिक पेंट, म्हणजे इमल्शन, हाही पाण्यातलाच रंग. पण पाणी उडून गेलं की त्यातले ॲक्रिलिकचे बारीक कण एकमेकांत मिसळतात आणि सलग पापुद्रा तयार होतो. शाई त्या पापुद्र्यावर बसून राहते. ओबीडीत ती आत मुरते. पुढचं सगळं या एका गोष्टीवर ठरतं.

घरमालकाला किंवा पेंटरला विचारून दर वेळी उलगडा होतोच असं नाही. ‘ट्रॅक्टर मारलाय’ एवढं उत्तर मिळालं, तर लक्षात ठेवा की एशियन पेंट्सचा ट्रॅक्टर डिस्टेंपरमध्येही येतो आणि इमल्शनमध्येही. त्यापेक्षा भिंतीलाच विचारावं. कपाटामागची किंवा दारामागची जागा निवडा. काळं किंवा गडद सुती कापड कोरडंच घेऊन तिथे आठ-दहा वेळा घासा. कापडावर पांढरी पूड आली तर ओबीडी. मग त्याच जागी बोटाने पाण्याचा एक थेंब लावा. ओबीडीत तो चटकन शोषला जातो आणि तेवढीच जागा गडद दिसते. प्लास्टिक पेंटवर थेंब थोडा वेळ तसाच राहतो किंवा खाली ओघळतो. अगदी स्वस्तातलं, मॅट इमल्शनही थोडं पाणी पितं, म्हणून फक्त थेंबावर विसंबू नका. पूड येते का, ही खूण जास्त भरवशाची.

आता रेघेकडे. रात्री दिवे बंद करून मोबाइलचा टॉर्च भिंतीला जवळजवळ टेकवून तिरका धरा. प्लास्टिक पेंटवर बॉलपेनची रेघ सपाट दिसते. ओबीडीवर मात्र तिला चर पडलेली दिसते. मुलं मूठ आवळून पेन धरतात, सगळा जोर टोकावर येतो, आणि मऊ थर खरवडला जाऊन शाई त्या चरीच्या तळाशी जाते. कापड वरच्यावर फिरतं, शाईपर्यंत पोचतच नाही. मग आपण जोर वाढवतो आणि शाईच्या आधी आजूबाजूचा रंग निघून येतो.

भिंत प्लास्टिक पेंटची असेल तर काम सोपं आहे. बॉलपेनची शाई तेलकट असते, ती पाण्याला दाद देत नाही पण स्पिरिटमध्ये विरघळते. मेडिकलमध्ये मिळणारं सर्जिकल स्पिरिट किंवा आयसोप्रोपिल अल्कोहोल घ्या. सॅनिटायझरही चालतं, मात्र त्यातल्या ग्लिसरीनचा चिकटपणा नंतर पुसावा लागतो. कान साफ करायच्या काडीचा कापूस ओला करा, निथळता नको, आणि रेघेवरून रेघेच्याच दिशेने टेकवत न्या. आडवं घासलं की शाई दोन्ही बाजूंना पसरते. कापूस निळा झाला की काडी बदला, नाहीतर तीच शाई पुढे लावत जाल. खाली कोरडं फडकं धरलेलं असू द्या, ओघळ तिथेच अडेल.

आणि थांबायचं कुठे, हे फार महत्त्वाचं. स्पिरिटने प्लास्टिक पेंटही मऊ पडतो. कापसावर शाईच्या निळ्याऐवजी भिंतीचा रंग उतरायला लागला की हात थांबवा, पुसट सावली उरली असली तरी. शेवटी साबणाच्या पाण्यात पिळलेलं फडकं फिरवा, मग साध्या पाण्याचं. नेलपेंट रिमूव्हर तर लावूच नका, त्यातलं ॲसिटोन शाईबरोबर रंगही उचलतं. टूथपेस्ट आणि मॅजिक स्पंज शाई विरघळवत नाहीत, बारीक पॉलिश पेपरचं काम करतात. चकाकी असलेल्या भिंतीवर ते थोडे चालून जातात, मॅट भिंतीवर घासलेली जागा चमकते आणि तो चट्टा रेघेपेक्षा जास्त खुपतो.

जेल पेनाचं गणित उलटं आहे. त्याची शाई पाण्यातली. ताजी असेल तर साबणाचं ओलं फडकं बरंच काम करतं, वाळली की स्पिरिटचाही फार उपयोग होत नाही. स्केचपेन पाण्याने निघतं, परमनंट मार्करला स्पिरिट.

हे सगळं करताना मूल दुसऱ्या खोलीत हवं. स्पिरिट पटकन पेट घेतं. देवघरात निरांजन लावलेलं असेल किंवा गॅस चालू असेल तर आधी ते शांत करा, खिडक्या उघडा, आणि बाटली वर कपाटात जाईपर्यंत हातातून सोडू नका.

ओबीडीवर यातलं जवळजवळ काहीच करू नये. स्पिरिट लावलं की विरघळलेली शाई छिद्रांतून आजूबाजूला झिरपते. पाणी लावलं की थर भिजून सुटतो, आणि खाली जिप्सम असेल तर तेही मऊ होतं. जुलै-ऑगस्टमध्ये बाहेरच्या बाजूच्या भिंतीला ओल आलेली असते, तेव्हा तर हात लावेल तिथे पोपडा सुटतो. पाऊस सरेपर्यंत थांबलेलं बरं. पेन्सिल असेल तर मऊ पांढऱ्या खोडरबरने हलक्या हाताने निघते. बॉलपेन असेल तर ते पुसण्याचा नाद सोडा आणि दुरुस्तीकडे वळा: बारीक पॉलिश पेपर फिरवायचा, पूड झटकायची, चर खोल असेल तर चिमूटभर लांबी, म्हणजे पुट्टी, भरून वाळल्यावर घासायची, प्रायमर, म्हणजे रंगाखालचा अस्तराचा हात, लावायचा आणि मग रंग.

यात प्रायमरचं पाऊल कोणी गाळू नका. बॉलपेनवर थेट पाण्यातला रंग मारला की निळा वर येतो. दुसरा हात मारला तरी पुन्हा येतो. वॉटर बेस प्रायमरही तो नीट अडवत नाही. तेवढ्या पट्ट्यापुरता सॉल्व्हंट बेस, म्हणजे पाण्याऐवजी टर्पेंटाइनमध्ये कालवायच्या, प्रायमरचा पातळ हात द्या आणि पूर्ण वाळू द्या. पुण्यात रविवार पेठेत बोहरी आळीच्या बाजूला रंगाच्या दुकानात गेलात तर लहान डबा मागून घ्या, एका भिंतीला तेवढा पुरतो. घर भाड्याचं असेल तर आधी मालकाशी बोला. डिपॉझिटमधून पूर्ण खोलीच्या रंगाचे पैसे कापले जाण्यापेक्षा एक भिंत कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत रंगवून देणं दोघांनाही परवडतं. मधेच ठिगळ मारू नका. जुना रंग उतरलेला असतो, त्याच शेडचा नवा हातही वेगळा दिसतो.

घर स्वतःचं असेल आणि रंगकाम निघणारच असेल, तर मुलांच्या खोलीत आणि पॅसेजमध्ये धुता येणारं इमल्शन मागा. मात्र जुन्या ओबीडीवर थेट इमल्शन मारू देऊ नका. पूड सोडणाऱ्या थरावर ते टिकत नाही, पापुद्र्यासकट सुटून येतं. आधी जुना थर घासून काढायचा, प्रायमर द्यायचा, मग रंग. काम झाल्यावर नवा पापुद्रा पुरता कडक व्हायला दोन ते चार आठवडे लागतात, तोवर पेनं उंचावर ठेवा. उरलेला रंग घट्ट झाकणाच्या बरणीत भरा आणि वर कंपनी, शेड नंबर, ओबीडी की इमल्शन आणि तारीख लिहून चिकटवा.