डोळ्याच्या पडद्याचा लेझर स्कॅन: येण्याआधी एवढं वाचा

‘लेझर’ म्हटलं की काउंटरवर पहिला प्रश्न ठरलेला: “म्हणजे ऑपरेशन करणार का?” नाही. हा लेझर फक्त बघतो. पडद्यावरच्या उपचाराचा लेझर वेगळा, कितीतरी जास्त ताकदीचा, आणि तो डॉक्टरच वापरतात. आमच्या यंत्रातला झोत इतका मंद असतो की डोळ्याला ऊबसुद्धा जाणवत नाही.

डोळ्याच्या आत, मागच्या बाजूला जेमतेम पाव मिलिमीटर जाडीचा थर असतो, तोच पडदा. साध्या कॅमेऱ्याचा फ्लॅश त्यावर एकदम पडतो. लेझरचा बारीक ठिपका मात्र ओळीमागून ओळ फिरतो, मागावर धोटा या काठापासून त्या काठापर्यंत जातो तसा. परत येणारा उजेड मोजत यंत्र चित्र विणत जातं. आपल्या सोलापूरकरांना हे वेगळं समजावावं लागत नाही! १९८० मध्ये बॉस्टनला रॉबर्ट वेब आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ही पद्धत मांडली. परतीच्या वाटेवर बारीक छिद्र ठेवून विखुरलेला उजेड अडवायची युक्ती नंतर आली, आणि चित्र आणखी स्वच्छ झालं.

साधा कॅमेरा एका फोटोत ३० ते ५० अंशांचा भाग टिपतो. आमचा स्कॅन २०० अंशांचा, म्हणजे पडद्याचा सुमारे ८० टक्के भाग. अशा रुंद स्कॅनमागे स्कॉटलंडचे डग्लस अँडरसन आहेत. पडदा सुटल्याचं वेळेत न कळल्यामुळे त्यांच्या पाच वर्षांच्या मुलाची एका डोळ्याची नजर गेली होती. लहान मुलालाही सोसेल अशी तपासणी हवी, म्हणून ते या कामाला लागले.

आमच्याकडे विड्या वळणाऱ्या एक मावशी आल्या होत्या. दहा वर्षांची शुगर. “विडीचा दोरा स्पष्ट दिसतोय की, स्कॅन कशाला?” चित्रात कडेला रक्ताचे बारीक ठिपके निघाले. पडद्याला दुखण्याची जाणीवच नसते आणि मधला भाग शाबूत असेतोवर नजरही चांगली राहते. म्हणून आमचा आग्रह आहे: शुगर असेल तर वर्षातून एकदा पडदा तपासाच, दिसत असलं तरी.

तपासणीत हनुवटी टेकवायची, आतल्या खुणेकडे बघायचं. क्षणभर रंगीत उजेड चमकतो. एका डोळ्याला अर्धा सेकंदही लागत नाही. पापणी खाली आली तर चित्रात केसांची काळी झालर उमटते, म्हणून आम्ही ती कापसाच्या काडीने हलकेच वर धरतो. चित्र हिरवट दिसलं तर घाबरू नका. ते लाल आणि हिरव्या लेझरचं मिळून बनतं: हिरवा वरचे थर दाखवतो, लाल खोलवर जातो.

मोतीबिंदू फार पिकलेला असेल किंवा डोळ्यात रक्त उतरलं असेल, तर चित्र नीट येत नाही. आणि स्कॅन चांगला आला तरी निदान डोळ्यांचे डॉक्टरच करतील. गरज वाटली तर ते बाहुली मोठी करणारे थेंब टाकून पुन्हा बघतील. अचानक विजा चमकल्यासारखं वाटलं, काळे ठिपके वाढले किंवा नजरेसमोर बाजूने काळं कापड ओढल्यासारखं झालं, तर आमच्या नंबरची वाट बघू नका. त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा.

बहुतेकांना थेंबांची गरज पडत नाही. पडलीच तर काही तास धूसर दिसतं, तेव्हा गाडी चालवायला घरचं कुणीतरी सोबत आणा. उन्हाळ्यात गॉगलही. जुना चष्मा, डोळ्यांची फाईल आणि शुगरचा शेवटचा रिपोर्ट पिशवीत टाकायला विसरू नका.