स्क्रू न दिसणारा लाकडी डेक: काम ठरवण्याआधी वाचून घ्या

गच्चीवर, मळ्यातल्या घरापुढे किंवा बागेत लाकडी डेक (उघड्यावरची फळ्यांची बैठक) करायचा विचार असेल आणि वरून एकही स्क्रू दिसू नये अशी इच्छा असेल, तर हे पत्रक तुमच्यासाठी आहे. जळगाव, भुसावळ, चाळीसगाव, अमळनेर, धुळे, शिरपूर, नंदुरबार या पट्ट्यात आम्ही ही कामं करतो. बहुतेक ग्राहक मोबाइलवर फोटो घेऊन येतात. फोटो छान असतो, पण तो दुसऱ्याच हवामानातला असतो. भुसावळचा मे महिना आणि श्रावणातली झड, दोन्ही सोसणारा डेक वेगळ्या हिशेबाने बांधावा लागतो. तो हिशेब तुम्हाला आधीच माहीत असावा असं आम्हाला मनापासून वाटतं, कारण पैसे तुमचे जाणार आहेत.

छुपी क्लिप म्हणजे काय

फळीच्या दोन्ही लांब कडांना उभी खाच पाडलेली असते. त्या खाचेत बसणारी, दोन बाजूंना पंख असलेली एक लहानशी स्टेनलेस स्टीलची क्लिप येते. तिचा एक पंख या फळीच्या खाचेत, दुसरा शेजारच्या फळीच्या खाचेत, आणि मधून एक स्क्रू खालच्या रनरमध्ये. रनर म्हणजे फळ्यांखालचे आडवे दांडे. फळी क्लिपने दाबून धरलेली असते, तिच्या वरच्या बाजूला मात्र भोक नसतं.

दिसायला सुंदर, ही झाली एक बाजू. आमच्या मते खरा फायदा दुसराच आहे. वरून मारलेल्या प्रत्येक स्क्रूच्या भोकात पाणी मुरतं आणि लाकूड कुजायला तिथूनच सुरुवात होते. उन्हाळ्यात फळी आकसली की स्क्रूचं डोकं वर येतं, अनवाणी पायाला लागतं आणि दुपारी चटका देतं. साधा लोखंडी स्क्रू असेल तर सागातलं टॅनिन आणि लोखंड मिळून भोवती काळा डाग धरतात, तो वरवर पुसून जात नाही. क्लिपच्या कामात हे तिन्ही त्रास टळतात.

सगळं काम फटीवर उभं आहे

लाकूड लांबीत जवळजवळ हलत नाही, रुंदीत हलतं. हवेतली ओल घेऊन फुगतं, ओल सोडून आकसतं. चैत्र-वैशाखात आपल्याकडे हवा इतकी कोरडी होते की उघड्यावरच्या लाकडातली ओल ६ टक्क्यांच्या आसपास उतरते. पावसाळ्यात तेच लाकूड १५ टक्क्यांच्या वर जातं. साडेपाच इंच रुंदीची सागाची फळी एवढ्या फरकात साधारण सव्वादोन मिलिमीटर, म्हणजे पाऊण सूत (एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग), रुंद होऊ शकते.

पाऊण सूत ऐकायला काहीच वाटत नाही. पण दहा फूट रुंदीच्या डेकमध्ये अशा एकवीसेक फळ्या बसतात. सगळ्यांचं मिळून जवळजवळ दोन इंच होतात. त्या दोन इंचांना जागा ठेवली नसेल, तर फळ्या एकमेकींना रेटतात, मधूनच उचलल्या जातात, क्लिपा वाकतात, नाहीतर कठड्याच्या भिंतीला रेटा बसतो.

म्हणून आम्ही फट ऋतू पाहून ठरवतो. खान्देशात बऱ्याच जणांना काम अखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) आत पूर्ण हवं असतं. लेकी-बाळी माहेरी येतात, घर भरलेलं असतं, हौस असते. त्या दिवसांत लाकूड वर्षातलं सगळ्यात सुकलेलं असतं, तेव्हा आम्ही दोन सूत, म्हणजे ६ मिलिमीटर, फट सोडतो. पहिल्यांदा पाहताना ती मोठी वाटते. "मिस्त्री, फळ्या जवळ का नाही घेतल्या?" हे आम्हाला हमखास विचारलं जातं. श्रावणात पाहा, त्या फटी आपोआप भरून चार मिलिमीटरवर आलेल्या असतील. उलट भाद्रपदात काम केलं तर एकच सूत सोडतो, कारण तेव्हा फळी फुगलेली असते आणि पुढच्या उन्हाळ्यात आकसून फट वाढणारच असते. फटीचं माप क्लिपच्या जाडीवरून ठरतं, त्यामुळे काम पुढे ढकललं गेलं तर आम्ही क्लिपा बदलून मागवतो. भिंतीलगत मात्र बाराही महिने ३ सूत मोकळे सोडायचे. तिथे सिमेंट किंवा सिलिकॉन भरून फट बुजवू नका.

लाकूड तुमच्या जागेवर आलं की लगेच बसवत नाही. पट्ट्यांवर थर लावून, मध्ये हवा खेळेल असं, सावलीत किमान दोन आठवडे ठेवतो आणि ओल मोजण्याच्या मीटरने तपासूनच कामाला हात घालतो. या पंधरा दिवसांवरून बऱ्याचदा तगादा लागतो. इथे आम्ही घाई करत नाही, कृपया समजून घ्या.

लाकूड कोणतं

आमची पहिली पसंती सागाला, तीही गाभ्याच्या लाकडाला. फळीच्या कडेला फिकट पांढरट पट्टा दिसतो ते बाहेरचं कच्चं लाकूड. उधई आणि बुरशी आधी तिथे लागते. असा पट्टा असलेली फळी डेकला चालत नाही, मग साग सातपुड्यातला असो की परदेशातला. वखारीतून स्वतः लाकूड आणणार असाल तर प्रत्येक फळी उलटून पाहा, आणि बिलाबरोबर वाहतुकीचे कागद मागून घ्या. फळीची जाडी रंधा मारल्यावर २५ मिलिमीटर राहिली पाहिजे. २० मिलिमीटरच्या खाली गेली तर खाचेखालचा ओठ पातळ होतो आणि क्लिपच्या दाबाने फुटतो. भट्टीत तापवून पक्कं केलेलं पाईन हलकं असतं, कमी हलतं आणि गच्चीसाठी चांगलं. बाभूळ कितीही चिवट असली तरी डेकला नको. तिला पीळ पडतो आणि क्लिप तो पीळ रोखू शकत नाही.

खालचा सांगाडा

वरचं काम झाकून टाकतं, म्हणून खालचं काम चालू असताना येऊन पाहात जा. आम्हाला ते आवडतं.

गच्चीवर डेक असेल तर आधी दोन दिवस पाणी तुंबवून गळती तपासा. डेक झाल्यावर खालच्या खोलीत ओल आली तर सगळं उचकटावं लागेल. वॉटरप्रूफिंगला भोक पडू नये म्हणून आम्ही स्लॅबमध्ये स्क्रू मारत नाही. रनर रबरी पॅडवर किंवा कमी-जास्त करता येणाऱ्या पायांवर टेकवतो. रनर गच्चीच्या उताराच्या दिशेने जातात, आडवे टाकले तर प्रत्येक रनरमागे पाणी अडतं. पाणी जायच्या नळीवर दीड-दोन फुटांचं उचलता येणारं झाकण ठेवतो आणि तेवढ्या झाकणाला स्क्रू वरून मारतो. ते चार स्क्रू दिसतील, पण दिसू द्या. जूनच्या पहिल्या वादळात कडुलिंबाचा पाला त्या नळीत अडकला की तिथे हात पोचलाच पाहिजे.

मळ्यात जमिनीवर डेक करायचा तर प्रश्न आपल्या काळ्या मातीचा आहे. उन्हाळ्यात हाताचा पंजा जाईल एवढ्या भेगा, पावसाळ्यात फुगून वर. या मातीवर नुसत्या विटा ठेवून डेक टेकवला तर पहिल्याच वर्षी पाणसळ बिघडते. काळी माती काढून मुरमापर्यंत खड्डे, त्यात काँक्रीटचे ठोकळे, त्यावर सांगाडा, असंच करायला हवं. लाकूड कुठेही मातीला टेकू द्यायचं नाही, उधईची वाट तीच. जमीन आणि सांगाडा यांत वीतभर तरी अंतर ठेवा. साप-उंदरांची भीती असते, ती रास्तच आहे. त्यासाठी बाजूने बारीक जाळी लावतो. विटांनी बांधून बंद करत नाही, खालून हवा फिरली नाही तर फळीचं पोट ओलं आणि पाठ कोरडी राहते, मग तिला बाक येतो.

दोन रनरमधलं अंतर मध्यापासून मध्यापर्यंत १६ इंच. फळ्या तिरप्या टाकायच्या असतील तर १२ इंच. कोणी दोन फुटांवर रनर टाकून स्वस्तात देतो म्हणाला तर नाही म्हणा, चालताना फळी लवते. रनर लोखंडी पाइपचे असतील तर वरून रबरी पट्टी चिकटवतो, साग थेट लोखंडाला टेकू देत नाही. झोपाळा बसवायचा असेल तर आधीच सांगा. त्याचे खांब फळ्यांवर उभे करता येत नाहीत, त्यांना सांगाड्यातूनच आधार द्यावा लागतो.

बसवणं

पहिली फळी दोरी धरून, गुणियाने काटकोन पाहून बसते. ती चुकली तर शेवटपर्यंत सगळं तिरकं जातं, म्हणून पहिल्या फळीला जो वेळ लागतो तो लागू द्यावा. भिंतीकडच्या कडेला सुरुवातीच्या वेगळ्या क्लिपा लागतात.

मग प्रत्येक रनरवर एक क्लिप. रनर सागाचा असेल तर त्यात आधी ३ मिलिमीटरचं भोक पाडतो, नाहीतर स्क्रू फिरताना तुटतो. स्क्रू पूर्ण आवळायचा नाही. क्लिप थोडी सैल, पंख किंचित उचललेला, तेवढ्यात पुढची फळी सरकवून तिची खाच त्या पंखावर चढवायची आणि लाकडी ठोकळा मध्ये धरून हलक्या हाताने ठोकायची. दोन्ही फळ्या टेकल्याची खात्री झाली की स्क्रू आवळायचा, तोही हाताच्या अंदाजाने. मशीनने करकचून आवळला तर क्लिप खाचेचा ओठ चिरडते आणि फळीची हालचाल अडते. फळीला थोडा बाक असेल तर क्लॅम्पने ओढून घेतो, जास्त असेल तर ती फळी बाजूला काढतो, तिचे लहान तुकडे कडेला वापरतो.

क्लिप फळीला रुंदीत हलू देते, पण लांबीत फळी हळूहळू सरकूही शकते. म्हणून प्रत्येक फळीच्या लांबीच्या मध्यावर एकच स्क्रू खाचेतून तिरपा मारतो. हा स्क्रू बरेच जण विसरतात. दोन फळ्यांची टोकं जिथे भेटतात तिथे दुहेरी रनर लागतो, म्हणजे प्रत्येक टोकाला स्वतःची क्लिप मिळते. कापलेलं प्रत्येक टोक त्याच दिवशी मेणाच्या सीलरने बंद करतो, लाकूड पाणी सगळ्यात जास्त टोकातून पितं. शेवटच्या फळीला क्लिप लावायला जागा उरत नाही. तिथे वरून स्क्रू मारून भोकांत त्याच लाकडाचे लहान बुच ठोकतो आणि रंधून सपाट करतो.

कुठे आम्ही ही पद्धत सुचवत नाही

लग्नाच्या लॉन्सवर, जिथे मांडवाचे खांब, खुर्च्या, जनरेटरच्या गाड्या ओढल्या जातात, तिथे वरून स्टेनलेस स्क्रू मारलेला डेक बरा. तिथे फळ्या बदलाव्या लागतात, आणि क्लिपच्या डेकमधली मधलीच फळी काढणं किचकट आहे: ती उभी कापून बाहेर घ्यावी लागते, नव्या फळीचा खाचेखालचा ओठ तासावा लागतो आणि तिला एका बाजूने वरून स्क्रू द्यावा लागतो. सहा इंचांहून रुंद फळ्यांनाही क्लिप नको, तिची पकड अपुरी पडते. पोहण्याच्या तलावाजवळ क्लोरीनमुळे ३०४ ग्रेडचं स्टील गंजू शकतं, तिथे ३१६ घ्यावं लागतं आणि ते महाग पडतं. एरवी समुद्रापासून दूर असलेल्या आपल्या भागात ३०४ पुरतं.

कोटेशन तपासताना

१०० चौरस फुटांना साडेपाच इंची, इंचभर जाडीची फळी सुमारे ८ घनफूट लागते. कापाकापीचे धरून ९. क्लिपा साधारण १६०. कोणाच्याही कोटेशनमध्ये १०० चौरस फुटांना ८०-९० क्लिपा लिहिलेल्या दिसल्या तर रनर किती अंतरावर आहेत ते विचारा. क्लिप आणि स्क्रूचा ग्रेड लेखी घ्या. चुंबक लावून स्टील ओळखता येतं असं सांगतात, त्यावर पूर्ण विसंबू नका. वाकवलेलं ३०४ सुद्धा थोडं चुंबकाला ओढलं जातं. वरून स्क्रू मारण्यापेक्षा या कामाला वेळ आणि मजुरी जास्त लागते, हे आम्ही आधीच सांगतो.

निगा

पॉलिश किंवा वार्निश नको. उन्हाने त्याचे पापुद्रे सुटतात आणि मग पूर्ण घासावं लागतं. लाकडात मुरणारं डेक ऑइल वर्षातून एकदा, पाऊस सरून लाकूड सुकल्यावर, दिवाळीच्या आसपास द्या. तेल पुसलेली फडकी गोळा करून कोपऱ्यात टाकू नका. तेल सुकताना उष्णता धरतं आणि बोळा आपोआप पेट घेऊ शकतो. फडकी पाण्यात भिजवा, मग मोकळ्या जागी सावलीत एकेक पसरून वाळवा आणि वाळल्यावरच टाका. घरात मुलं असतील तर याकडे विशेष लक्ष द्या.

तेल नाही दिलं तर साग उन्हाने करडा पडतो. त्याने ताकद कमी होत नाही, रंग ज्याच्या त्याच्या आवडीचा.

मे महिन्यातली धूळ फटींत साचते, ती पावसाआधी पातळ पट्टीने किंवा ब्रशने मोकळी करा. जोराच्या पाण्याच्या मशीनने धुऊ नका, लाकडाचे तंतू उभे राहतात. हिवाळ्यात भरीत पार्टी डेकवर होणार हे आम्ही धरूनच चालतो, पण वांगी भाजायची पऱ्हाट्यांची आगटी खाली मातीवरच करा. तेल सांडलं तर लगेच त्यावर कोरडी राख किंवा पीठ टाकून शोषून घ्या. कुंड्या थेट फळीवर ठेवू नका, पायांच्या स्टँडवर ठेवा.

काम संपल्यावर आम्ही त्याच लाकडाच्या दोन फळ्या आणि मूठभर क्लिपा तुमच्याकडे देऊन जातो. त्या सावलीत, आडव्या, जमिनीपासून उचलून ठेवा. चार-पाच वर्षांनी फळी बदलायची वेळ आली तर तशीच खाच आणि त्याच मापाची क्लिप बाजारात मिळेलच असं नाही.