पक्षिनिरीक्षण, परिसरातील (वसंतकालीन)

घर, परसबाग, गच्ची आणि गल्लीतील झाडे यांच्या आसपास वावरणारे वन्य पक्षी वसंतात नित्यनेमाने पाहण्याचा, ऐकण्याचा व त्यांची नोंद ठेवण्याचा परिपाठ. पंचांगाप्रमाणे वसंत म्हणजे चैत्र-वैशाख. महाराष्ट्रात मात्र पक्ष्यांची लगबग त्याआधीच, काटेसावर व पळस फुलू लागले की, म्हणजे साधारणपणे माघ-फाल्गुनात सुरू होते आणि वळवाच्या पावसापर्यंत टिकते.

बाँबे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या (स्थापना १८८३) संस्थापकांपैकी एडवर्ड हॅमिल्टन एटकेन यांनी मुंबईच्या नेहमीच्या पक्ष्यांवर १९०० मध्ये पुस्तक लिहिले. सलीम अली यांच्या १९४१ च्या पुस्तकानंतर हा छंद अधिक पसरला. निरीक्षण त्याहून कितीतरी जुने आहे. कोकिळेला संस्कृतात ‘परभृत’, म्हणजे दुसऱ्याने पोसलेला, असे नाव आहे आणि शाकुंतलाच्या पाचव्या अंकात तिच्या या सवयीचा उल्लेख येतो. घराजवळची घरटी कोणीतरी बारकाईने पाहिल्याशिवाय असे नाव पडणे कठीण.

वसंतात पक्षी आधी कानांना भेटतात, त्यामुळे ओळखीचे घोटाळेही आवाजावरूनच होतात. बोलीत ‘कोकिळा गाते’ म्हणतात. चढत जाणारी ‘कुहू’ ही साद मात्र नराची, म्हणजे काळ्याभोर, लाल डोळ्यांच्या कोकीळ पक्ष्याची (युडिनॅमिस स्कोलोपेशियस). मादी तपकिरी असून अंगावर पांढरे ठिपके असतात. तिचा आवाज ‘किक्-किक्’ असा तुटक. ती कावळ्याच्या घरट्यात अंडी घालते, म्हणून कावळे काटक्या जमवू लागले की त्या झाडावर लक्ष ठेवावे.

‘पेरते व्हा’ अशी हाक देणारा पावशा (हायरोकॉक्सिक्स व्हेरियस) आणि चातक (क्लॅमेटर जॅकोबायनस) यांचा गोंधळ अधिक खोल आहे. दोघेही कोकिळेच्या कुळातले, दोघेही प्रामुख्याने सातभाईंच्या घरट्यात अंडी घालणारे आणि दोघांचेही नाव पावसाशी जोडलेले. काहींच्या मते काव्यातील चातक म्हणजे पावशाच. अनेक पक्षिशास्त्रज्ञ मात्र काळा-पांढरा, तुरेवाला पक्षी हाच चातक मानतात. हे मत अधिक सयुक्तिक वाटते, कारण त्याचे आगमन पावसाला धरून असते: उत्तर व मध्य भारतात तो आफ्रिकेतून मेच्या अखेरीस किंवा जूनमध्ये येतो, आणि मेघदूतातही चातकाचा आवाज मेघाच्या सोबतीनेच ऐकू येतो. दक्षिण भारतात त्याची एक उपजाती वर्षभर राहते, ही या युक्तिवादातील अडचण आहे. पावशा स्थानिक असून उन्हाळ्यातच बोलू लागतो. तेव्हा चैत्रातल्या रात्री एकेक सूर चढवत नेणारी आणि टोकाला जाऊन अचानक थांबणारी हाक ऐकू आली, तर महाराष्ट्रात ती बहुधा पावशाचीच समजावी. हिंदीत तीच हाक ‘पी कहाँ’ होते.

भर दुपारी ठोक्याठोक्याने ‘टुक् टुक्’ करणारा तांबट चोच मिटूनच आवाज काढतो. तो मान फिरवत असल्यामुळे आवाजाची दिशा बदलल्यासारखी वाटते आणि हिरव्या पानांत तो चटकन सापडत नाही. पहाटे दयाळाचे गाणे ऐकावे. शिंपी, बुलबुल, शिंजीर हे तर कुंडीतल्या झाडावरही घरटे करतात. घरट्याजवळ वारंवार जाऊ नये, फांद्या बाजूला सारून छायाचित्रे तर घेऊच नयेत. वड-उंबराला फळे धरली की महाराष्ट्राचा राज्यपक्षी हरियल गावातही येतो.

नोंदीसाठी वही पुरते: तारीख, वेळ, झाड, आवाज. फेब्रुवारीत होणाऱ्या जागतिक अंगण-पक्षिगणनेत किमान १५ मिनिटांची यादी देता येते. नाशिकच्या नेचर फॉरएव्हर सोसायटीच्या पुढाकाराने २०१० पासून २० मार्च हा चिमणी दिन पाळला जातो. पक्षी प्रथम दिसल्याची तारीख बहुतेक जण लिहितात. शेवटचा कधी दिसला हे फारसे कोणी टिपत नाही. थंडीत आलेला परीट मार्च-एप्रिलमध्ये उत्तरेकडे निघतो. पळस-पांगाऱ्यावर गर्दी करणाऱ्या भोरड्यांचे थवेही एप्रिलच्या सुमारास मध्य आशियाकडे परततात.